फिरती ड्यूटी आणि एमएमए : परिचारिकेने सराव कसा बसवावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वॉर्डात सकाळ, दुपार आणि रात्र अशी फिरती ड्यूटी करणारी एक परिचारिका मिश्र मार्शल आर्ट्सचा, म्हणजे एमएमएचा, नियमित सराव करते. प्रशिक्षकांना ती आठवड्यातून सहा दिवस मॅटवर हवी आहे, तिला स्वतःला येत्या वर्षभरात पहिली हौशी लढत खेळायची आहे, आणि जवळची सगळी माणसे तिला दोन्हींपैकी एक सोडण्याचा सल्ला देत आहेत. दोन्ही जमेल का, आणि जमवायचे असेल तर कसे, हे तिने विचारले आहे.

जमेल. मी अतिदक्षता विभागात बरीच वर्षे काम केले आहे, त्याच काळात ग्रॅपलिंग (पकडी आणि डावांची झुंज) आणि मुए थाई (ठोसे-लाथांची थाई कला) यांचा सराव केला आहे, आणि पुढे आरोग्यसेवेतल्या अनेक खेळाडूंना शिकवलेही आहे. या अनुभवावरून सांगते की तासांचा हिशेब बहुतेकांचा जुळतो. अडचण येते ती झोप, डोक्याला बसणारा मार आणि त्वचा या तीन ठिकाणी, कारण या तिन्हींचे परिणाम खेळाडूपाशी थांबत नाहीत, ते रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचतात. म्हणून माझा एकच आग्रह आहे : जोराचे स्पारिंग, म्हणजे जोडीदाराशी पूर्ण ताकदीने केलेली सरावाची लढत, कोणत्या दिवशी करायचे हे ड्यूटीच्या तक्त्यावरून ठरवा आणि त्यात तडजोड करू नका, तंत्राचा सराव, पॅडवर्क (जोडीदाराने धरलेल्या गाद्यांवर ठोसे-लाथा मारणे), ताकदीचे व्यायाम हे सगळे त्याभोवती पुढेमागे सरकवता येते.

प्रशिक्षक आठवड्याच्या हिशेबाने विचार करतात. अमुक वारी स्ट्रायकिंग (ठोसे-लाथा), अमुक वारी कुस्ती, शनिवारी स्पारिंग, असे त्यांचे वेळापत्रक वर्षभर तेच असते. फिरत्या ड्यूटीत मात्र शनिवार कधी नाइटचा असतो, कधी ऑफचा, आणि कधी नाइट उतरून आल्यानंतरचा असतो. या तिन्ही शनिवारी तुमचे शरीर वेगवेगळ्या अवस्थेत असते. तेव्हा रोस्टर हाती पडले की ते घेऊन प्रशिक्षकांसोबत बसावे आणि सर्वांत आधी नाइट ड्यूट्या व शेवटच्या नाइटनंतरचा दिवस यांवर काट मारावी. त्या दिवसांत स्पारिंग होणार नाही, हे दोघांनीही आधीच मान्य केलेले असावे, म्हणजे ऐनवेळी मॅटवर उभे राहून त्यावर चर्चा करण्याची पाळी येत नाही.

या आग्रहामागे ठोस कारण आहे. 1997 मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉसन आणि रीड यांच्या प्रयोगात, सलग 17 तास जागे राहिलेल्या व्यक्तींचा हात आणि डोळा यांचा मेळ रक्तात 0.05 टक्के मद्यांश असताना जितका बिघडतो तितका बिघडलेला आढळला. दुपारी जागी होऊन रात्रभर काम केलेली परिचारिका सकाळी घरी निघते तेव्हा तिने ही मर्यादा सहसा ओलांडलेली असते. मद्य घेतलेल्या खेळाडूला कोणताही जबाबदार प्रशिक्षक ठोसे झेलायला उभा करणार नाही. नाइट उतरून थेट जिममध्ये आलेल्या खेळाडूलाही त्याच कारणासाठी उभे करू नये. झोप न झालेला माणूस ठोसा उशिरा पाहतो, मान उशिरा ताठ करतो आणि टॅपही, म्हणजे हार मानल्याची थापही, उशिरा देतो. एरवी किरकोळ ठरणाऱ्या दुखापती अशाच वेळी मोठ्या होतात.

नाइटनंतरचा दिवस कसा घालवावा, याबद्दल बरेच उलटसुलट सल्ले दिले जातात. मी सांगते तो क्रम साधा आहे. घरी जाताना गडद चष्मा लावावा, खोलीत अंधार करावा आणि आधी झोपावे. पुढच्या रात्रीही ड्यूटी असेल तर त्या दिवशी मुख्य काम झोपेचेच असते. उठल्यावर अर्धा तास सांधे मोकळे करणे किंवा सावलीशी बॉक्सिंग करणे एवढे पुरेसे आहे, आणि ड्यूटीपूर्वी दीड तासाची झोप आणखी मिळाली तर ती कोणत्याही सरावापेक्षा अधिक उपयोगी पडते. शेवटची नाइट झाली असेल तर सकाळी तीन-चार तासच झोपून उठावे, संध्याकाळी हलका तंत्राचा वर्ग करावा आणि रात्री लवकर अंथरुणावर पडावे, म्हणजे शरीर दिवसाच्या घड्याळावर लवकर येते. चहा-कॉफीतले कॅफीन शरीरातून निम्मे कमी व्हायलाच साधारण पाच तास लागतात, त्यामुळे पहाटे डुलकी घालवण्यासाठी घेतलेली कॉफी सकाळची झोप मोडते. ती घ्यायचीच असेल तर नाइटच्या पूर्वार्धात घ्यावी.

आता जोराच्या स्पारिंगचे दिवस. मी दोन अटी घालते : आधीच्या दोन रात्री पुरेशी झोप झालेली असावी, आणि दुसऱ्या दिवशी ड्यूटी नसावी. पहिली अट सहज पटते. दुसरी अट अनेकांना जाचक वाटते, पण ती पहिलीहून महत्त्वाची आहे, कारण डोक्याला हादरा बसल्याची लक्षणे नेहमी लगेच दिसत नाहीत. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी डोके जड होणे, मळमळणे, उजेड सहन न होणे, वाचलेले लक्षात न राहणे असे जाणवू लागते. तोवर तुम्ही औषधांच्या ट्रॉलीसमोर उभ्या असू नये. या दोन अटी लावून पाहिल्या की लक्षात येते की नाइटनंतर मिळालेल्या दोन ऑफमध्ये जोराचे स्पारिंग बसतच नाही : पहिला ऑफ झोपेत जातो आणि दुसऱ्यानंतर लगेच मॉर्निंग असते. ते बसते फक्त मॉर्निंग किंवा इव्हिनिंगच्या आठवड्यानंतर आलेल्या जोड-ऑफच्या पहिल्या दिवशी. महिन्यातून असे दोन, फार तर तीन दिवस निघतात. हौशी पातळीवर तेवढे पुरतात, असे माझे स्पष्ट मत आहे. कौशल्य वाढते ते ठरावीक स्थितीतून सुरू केलेल्या छोट्या झुंजींतून, हलक्या हाताच्या स्पारिंगमधून आणि एकच डाव वेगवेगळ्या जोडीदारांवर पुन्हा पुन्हा करून. जोराचे स्पारिंग ते कौशल्य दबावाखाली टिकते का हे तपासण्यासाठी असते.

उरलेला सराव मोजताना ड्यूटीलाही सराव धरावे, आणि हे प्रशिक्षकांना समजावून सांगण्याचे काम तुमचेच आहे. खेळविज्ञानात सरावाचा भार मोजण्याची एक सोपी पद्धत आहे : सत्र किती कठीण वाटले याला 0 ते 10 मध्ये गुण द्यायचे आणि सत्राच्या मिनिटांनी गुणायचे. तासाभराच्या 7 गुणांच्या सत्राचा भार 420 होतो. तीच वही ड्यूटीसाठीही ठेवा. आठ तासांची बऱ्यापैकी शांत ड्यूटी 2 गुणांची धरली तरी तिचा भार 960 होतो. हे दोन आकडे एकाच मापाचे नाहीत, त्यामुळे त्यांची थेट बेरीज करू नये. दोन वेगळ्या रकान्यांत लिहावेत आणि ड्यूटीचा रकाना फुगलेल्या आठवड्यात सरावाचा रकाना कमी करावा. वॉर्डात दोन रुग्ण एकाच वेळी खालावले, पुनरुज्जीवनासाठी छातीवर दाब देत राहावे लागले, अशा दिवशी संध्याकाळचा कुस्तीचा वर्ग रद्द करणे हाच योग्य निर्णय असतो. सहा दिवसांच्या मागणीला माझे उत्तर असे राहील की चार सत्रे पक्की धरावीत, त्यांपैकी एक ताकदीचे असावे, आणि नाइटच्या आठवड्यात ती दोनवर यावीत.

डोक्याच्या दुखापतीबद्दल आणखी थोडे सांगणे आवश्यक आहे. 2022 मध्ये ॲमस्टरडॅम येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या मतानुसार कन्कशननंतर, म्हणजे डोक्याला हादरा बसल्यानंतर, पहिले 24 ते 48 तास सापेक्ष विश्रांती घ्यावी, म्हणजे घरातली हलकी हालचाल चालू ठेवून स्क्रीनचा वापर कमी करावा, आणि मग पायरीपायरीने खेळाकडे वळावे. प्रत्येक पायरीला किमान 24 तास द्यावेत आणि प्रत्यक्ष झुंजीचा सराव डॉक्टरांच्या परवानगीनंतरच सुरू करावा. परिचारिकेने हाच क्रम कामालाही लावावा. इन्सुलिनचे युनिट मोजणे, सिरिंज पंपाचा वेग बसवणे, सारख्या नावाच्या दोन औषधांतला फरक ओळखणे ही कामे लक्ष आणि स्मरण यांवर चालतात, आणि हादऱ्यानंतर सर्वांत आधी तेच मंदावतात. इन्चार्ज सिस्टरना 'सरावात डोक्याला लागले आहे' असे स्पष्ट सांगावे आणि रजा घ्यावी. हे सांगायला संकोच वाटेल, पण लपवून केलेल्या ड्यूटीत औषधाची चूक झाली तर तिचा भार तुमच्यासोबत रुग्णालाही सोसावा लागतो. मानेवरच्या पकडींबाबतही सावध राहावे. चोक, म्हणजे मान आवळणारी पकड, लागल्यानंतर मानेच्या एकाच बाजूला नवीन वेदना सुरू झाली, त्यासोबत डोके दुखू लागले, पापणी खाली आली किंवा एक बाहुली लहान दिसू लागली, तर मानेतल्या धमनीचा आतला थर फाटल्याची शंका घेऊन ताबडतोब तातडीच्या विभागात जावे. रुग्णात ही लक्षणे तुम्ही ओळखाल. स्वतःच्या बाबतीत मात्र आपण सारेच 'मान आखडली असेल' असे म्हणतो.

त्वचेबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण मॅट आणि वॉर्ड यांच्यात संसर्गाची ने-आण करणारी व्यक्ती तुम्हीच असता. रुग्णालयात काम करणाऱ्यांच्या नाकात किंवा त्वचेवर मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस, म्हणजेच एमआरएसए, कोणतेही लक्षण नसताना राहू शकतो, आणि मॅटवर खरचटलेल्या त्वचेतून तो जोडीदाराला मिळू शकतो. उलट दिशेने मॅटवरून गजकर्ण, इम्पेटिगो (त्वचेचा जिवाणूसंसर्ग) आणि ग्रॅपलिंग करणाऱ्यांत पसरणारी नागीणवर्गीय पुरळ वॉर्डात येऊ शकते. ही पुरळ हर्पिस सिम्प्लेक्सची असते, चेहऱ्यावर, मानेवर किंवा हातावर बारीक पाणीदार फोडांच्या रूपाने उठते, आणि उठण्याआधी तिथे चुणचुणते. तोच विषाणू बोटाच्या टोकाला शिरला की दुखरी, सुजलेली फोडी तयार होते. ती बरी होऊन खपली धरेपर्यंत रुग्णांना हात लावायचा नसतो, हातमोजे घालूनही नाही. कुस्तीच्या स्पर्धांत साधारणपणे पाळले जाणारे नियम व्यवहारात उपयोगी आहेत : गजकर्णावर किमान 72 तास उपचार, जिवाणूसंसर्गावर 72 तास प्रतिजैविक आणि नवीन फोड किंवा स्राव नसणे, हर्पिसवर किमान 120 तास विषाणूरोधक गोळ्या आणि सर्व फोडांवर कोरडी खपली. हे पूर्ण झाल्याशिवाय मॅटवर जाऊ नये.

रोजच्या सवयींत मी तीन गोष्टींवर अडून बसते. ड्यूटीचा गणवेश आणि बूट जिममध्ये आणायचे नाहीत. मॅटवर जाण्यापूर्वीही साबणाने अंघोळ करायची, नंतर तर करायचीच. आणि नखे कापलेली ठेवायची, जे वॉर्डातही अपेक्षितच आहे. मॅटवर हाताचे कातडे सोलले असेल तर दुसऱ्या दिवशी सॅनिटायझर लावताना ते झोंबते आणि हात स्वच्छ करणे नकळत कमी होते. म्हणून पट्ट्या नीट बांधाव्यात, हाताला रात्री मलम लावावे, आणि उघडी जखम असेल तर जलरोधक पट्टीने झाकूनच ड्यूटीवर जावे. ती झाकता येत नसेल तर इन्चार्ज सिस्टरना सांगून रक्त आणि स्राव हाताळण्याचे काम टाळावे. ठोसा समोरच्याच्या दातांवर बसून बोटांच्या सांध्यापाशी छोटीशी चीर पडली, तर ती कितीही किरकोळ दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. ती माणसाच्या चाव्याचीच जखम असते आणि सांध्यात जंतू फार लवकर शिरतात.

रक्ताचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. हेपटायटिस बीच्या लसीचे तीन डोस झालेले असतील, पण त्यानंतर प्रतिपिंडांची पातळी तपासली आहे का, हे पाहावे. ती 10 मिली आंतरराष्ट्रीय एकके प्रति मिलिलिटर किंवा त्याहून अधिक असायला हवी. हा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर किमान सात दिवस टिकतो, त्यामुळे मॅटवर सांडलेले रक्त टॉवेलने पुसून सराव पुढे चालू ठेवणे मान्य करू नये. हातमोजे, शोषक कागद आणि हायपोक्लोराइट हे जंतुनाशक यांची सवय तुम्ही जिमला लावू शकता. ड्यूटीवर सुई टोचली तर त्याची तात्काळ नोंद करावी. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे लागणार असतील तर ती जितक्या लवकर आणि फार तर 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि 28 दिवस घ्यावी लागतात. पाठपुराव्याच्या तपासण्या पूर्ण होईपर्यंत, ज्यात रक्त येऊ शकते असे स्पारिंग बंद ठेवावे. प्रशिक्षकांना कारण सांगण्याची गरज नाही. 'वैद्यकीय कारणासाठी झुंज बंद आहे' एवढे वाक्य पुरेसे असते, आणि त्यापुढे चौकशी न करणारा प्रशिक्षक असणे ही जिम निवडतानाची एक कसोटी आहे.

पाठ आणि खांदे यांबाबत कुस्ती शिकलेल्यांना एक खोटा विश्वास येतो. साठ-सत्तर किलोच्या जोडीदाराला आपण उचलतो, मग रुग्णाला खाटेवर वर सरकवणे काय अवघड, असे वाटू लागते. जोडीदार शरीर ताठ ठेवतो, आपल्याला बिलगतो, त्याचे वजन छातीशी असते. रुग्णाचे शरीर सैल असते, तो हाताच्या अंतरावर असतो, त्याला नळ्या जोडलेल्या असतात आणि तो मध्येच घाबरून कशाला तरी धरतो. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षेच्या संस्थेच्या सूत्रावरून रुग्ण हाताळण्यासाठी काढलेली मर्यादा अनुकूल स्थितीतही सुमारे 16 किलो आहे. माणसाचा एक पाय त्याच्या वजनाच्या साधारण सोळा टक्के भरतो, म्हणजे 80 किलोच्या रुग्णाचे दोन्ही पाय एकदम उचलले तरी ती मर्यादा ओलांडली जाते. सरकचादर (रुग्णाला सरकवण्याची गुळगुळीत चादर), होइस्ट (रुग्ण उचलण्याचे यंत्र) आणि दुसऱ्या सिस्टरचा हात ही साधने बलवान परिचारिकेसाठीही तितकीच आहेत. ताकदीच्या सत्रात कंबरेतून वाकून उचलण्याचे व्यायाम, रोइंग आणि मानेचे स्थिर दाबाचे व्यायाम घ्यावेत. ते वॉर्ड आणि मॅट दोन्हीकडे कामी येतात.

एक विषय कोणी विचारत नाही, पण तो टाळू नये. आरोग्यसेवकांवर होणारे हल्ले हा जगभरचा प्रश्न आहे आणि एमएमए शिकणाऱ्या परिचारिकेकडून सहकारी नकळत अपेक्षा ठेवू लागतात की कोणी अंगावर आले तर ती पाहून घेईल. ही भूमिका स्वीकारू नका. गोंधळलेला, ज्वरातला किंवा भ्रमात असलेला रुग्ण हा प्रतिस्पर्धी नसतो. त्याच्यावर चोक, सांधा पिळणारी पकड किंवा पालथे पाडून पाठीवर बसणे हे कधीही वापरायचे नाही. पालथ्या स्थितीत दाबून धरल्याने श्वास अडून मृत्यू झाल्याची उदाहरणे आहेत, आणि आधीच हृदय किंवा फुप्फुस कमकुवत असलेल्या माणसात धोका आणखी वाढतो. मॅटवर मिळालेल्या ज्या गोष्टी वॉर्डात योग्य ठरतात त्या शांत प्रकारच्या आहेत : अंतर ओळखणे, दाराकडची वाट मोकळी ठेवून किंचित तिरके उभे राहणे, मनगटावरची पकड अंगठ्याच्या बाजूने सोडवणे, आणि कोणी ओरडत असताना आपला श्वास व आवाज स्थिर ठेवणे. त्यापुढचे काम संस्थेच्या ठरलेल्या पद्धतीने आणि प्रशिक्षित चमूनेच करायचे.

आहार आणि वजन याविषयी थोडक्यात. ड्यूटीत जेवण चुकते, पाणी कमी प्यायले जाते, आणि वर लढतीसाठी वजन उतरवायचे असते. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की शरीराला मिळणारी ऊर्जा खर्चाहून सतत कमी पडते. पाळी लांबणे किंवा थांबणे, वारंवार सर्दी होणे, पायाच्या हाडात रेंगाळणारी वेदना ही त्याची चिन्हे आहेत आणि ती दिसल्यास वजन उतरवणे थांबवून तपासणी करून घ्यावी. घाम काढून, पाणी तोडून वजन करण्याचा मार्ग नोकरी करणाऱ्या खेळाडूने पूर्णपणे सोडून द्यावा. 2015 च्या डिसेंबरमध्ये वन चॅम्पियनशिप या एमएमए संघटनेच्या एका खेळाडूचा वजन उतरवताना मृत्यू झाला आणि त्यानंतर त्या संघटनेने शरीरातील पाण्याची चाचणी सक्तीची केली. शिवाय पाणी कमी असताना अंगदुखीसाठी आयबुप्रोफेनसारखी औषधे घेतल्यास मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, आणि ड्यूटीवरच्या थकव्यात ही गोळी सहज घेतली जाते. एरवी तुमचे जे वजन असते त्याच्या जवळचा गट निवडा.

वर्षभरात लढतीची इच्छा अवास्तव नाही. स्टिपे मिओचिच 2016 मध्ये यूएफसी या व्यावसायिक एमएमए संघटनेचा हेवीवेट विजेता झाला तेव्हा अग्निशामक आणि पॅरामेडिक म्हणून काम करत होता आणि विजेता असतानाही त्याने ते काम चालू ठेवले; मात्र ते काम अर्धवेळ होते, हे त्याचे उदाहरण देणारे सांगत नाहीत. पूर्णवेळ फिरत्या ड्यूटीत तयारीला अधिक काळ द्यावा लागतो. लढतीची तारीख ठरवण्याआधी इन्चार्ज सिस्टरशी बोलून आधीच्या तीन आठवड्यांत नाइट येणार नाहीत अशी विनंती करावी, त्या बदल्यात इतरांना नकोशा असलेल्या सुट्टीच्या दिवसांच्या ड्यूट्या आधी किंवा नंतर घेण्याची तयारी दाखवावी, आणि हे शब्द पाळावेत. ड्यूटी बदलून मागणारी आणि बदलून देणारी, अशी दोन्ही तुमची ओळख असेल तर सहकारी साथ देतात. विनंती मान्य झाली नाही तर लढत पुढे ढकलावी. रक्ताच्या, डोळ्यांच्या आणि आयोजक मागतील त्या इतर तपासण्या आधीच करून ठेवाव्यात.

रजा मागताना लढतीनंतरचे दिवसही धरावेत, आणि ते आधीच्या दिवसांहून जास्त असावेत. हार-जीत काहीही झाली तरी किमान तीन दिवस ड्यूटी घेऊ नये, आणि डोक्यावर जोराचा मार बसला असेल तर डॉक्टर सांगतील तोवर घेऊ नये. नॉकआउटनंतर लावले जाणारे वैद्यकीय निलंबन खेळापुरते असते, त्यात ड्यूटीचा उल्लेख नसतो, त्यामुळे कामावर परतण्याबद्दल डॉक्टरांना वेगळे विचारावे लागते. परतल्यावर पहिल्या दोन ड्यूट्यांत जास्त धोक्याच्या औषधांची प्रत्येक मात्रा सोबतच्या सिस्टरकडून स्वतंत्रपणे मोजून घ्यावी, आणि तिचे उत्तर तुमच्या उत्तराशी जुळले नाही तर ती ड्यूटी तिथेच सोडून डॉक्टरांना दाखवावे.